रिकाम्या इमारतीचे सांडपाणी

मी, विलगीकरण केंद्राच्या सांडपाण्याच्या टाकीवरचा ऑपरेटर, वय ५२ वर्षे, हल्ली मुक्काम टाकीशेजारची पंपाची खोली, समक्ष विचारल्यावरून सांगतो की, साथ सुरू झाल्यापासून पाच महिने मी घरी गेलेलो नाही. बायको म्हणाली, "तुम्ही तिकडेच राहा, पोरांना काही व्हायला नको." केंद्रातून येणाऱ्या पाण्यात क्लोरीन मिसळणे, अर्धा तास थांबणे, तपासणे आणि मग पाणी सोडणे हे माझे काम.

दिनांक ३ रोजी शेवटचा रुग्ण घरी गेला. खोल्या, जिने, कठडे सगळीकडे फवारणी होऊन इमारतीला कुलूप लागले. तरी दिनांक ४ पासून रोज सकाळी सातच्या सुमारास टाकीत दोनेक बादल्या फेसाचे पाणी येऊ लागले. मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "नळ गळत असेल." गळका नळ साबण लावून आंघोळ करत नाही.

मागच्या दाराला कुलूप नव्हते, नुसती कडी होती; दिनांक ७ रोजी मी त्या दाराने वर गेलो. तिसऱ्या मजल्यावर चादरींच्या खोलीत केंद्राच्या सफाईवाल्या मावशी होत्या, वय अंदाजे साठ. म्हणाल्या, "बाहेर काढू नका, दादा. मुलानं दारच उघडलं नाही. म्हणाला, तू रोग्यांचं धुतेस."

मी कोणालाही कळवले नाही. ती माझी चूक आहे. रोज जिन्यात डबा ठेवत होतो. त्या वरून ओरडायच्या, "आज मीठ कुठं गेलं?" पाच महिन्यांत माझ्या स्वयंपाकाला कोणी नावे ठेवली नव्हती.

दिनांक १६ रोजी टाकीत पाणी आले नाही. मी नऊपर्यंत वाट पाहिली. वर गेलो तेव्हा त्यांना धाप लागली होती. पाठीवर घेऊन खाली आणले. मुलाने फोन उचलला नाही. रुग्णालयात "नातेवाईक कोण?" असे विचारले, तेव्हा मी अर्जावर 'भाऊ' असे लिहिले. दिनांक १९ रोजी त्या वारल्या. पुढच्या कागदांवरही मीच सही केली.

मी खोटे नाते लावले, अशी त्यांच्या मुलाची तक्रार आहे. तक्रार खरी आहे.

जबाब मला वाचून दाखवला. "'भाऊ' चुकून लिहिले, असं घालू का?" असे हवालदारांनी विचारले. मी नको म्हणालो. चुकून लिहिले नव्हते. मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे व बरोबर आहे.