अकराचा फोन

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर यायला अवकाश होता. निवृत्त हिशेबनिसांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं, कान मात्र शेजारच्या मायलेकींकडे होते.

"कंपनी विकलीस ना? आता तरी तो फोन खाली ठेव."

"अकराला एक करायचाय, आई. शेवटचा."

"म्हाताऱ्यांना गोळीची आठवण तर तुमच्या कंपनीचं यंत्र करून देतं म्हणे!"

"सुरुवातीला यंत्र जमतच नव्हतं गं. बेचाळीस म्हाताऱ्या माणसांनी नावं नोंदवलेली. मग मीच यंत्र झाले. सपाट आवाजात रोज सगळ्यांना फोन."

"शाळेच्या नाटकात तुला झाड केलं, तर दोन मिनिटं गप्प राहवलं नाही. आणि म्हणे यंत्र!"

"पुढे सगळ्यांना खऱ्या यंत्राकडे सोपवलं. या एका आजींना मात्र माझ्याच्याने सोडवेना. सात वर्षं झाली. आज खरं सांगून टाकते."

"चिडल्या तर?"

"तीच तर धास्ती आहे."

अकरा वाजले. मुलीने फोन लावला. पलीकडचा खणखणीत आवाज वर्तमानपत्राच्या आतपर्यंत पोचला.

"घेतली गं गोळी!"

"आजी, मी यंत्र नाही. माणूस आहे."

"ठाऊक आहे. मागे आठवडाभर खोकत होतीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू लाजून फोन बंद केला असतास. आता माझंही ऐक. ती गोळी डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वीच बंद केली."

"अहो, पण रोज 'घेतली' म्हणायचात!"

"नाहीतर तू कशाला फोन केला असतास? उद्या कोण बोलणार?"

"मीच, आजी. अकरालाच."

हिशेबनिसांचा नंबर दोनदा पुकारला गेला. ते जागचे हलले नाहीत.