लगेच, नेमकं आन् मनापासून

...आन् वर ते ट्रेनिंगचे सर मलाच म्हनतात, "काका, चेहरा जरा हसरा ठेवा!" अवो कसा ठेवू? हा चेहरा काय मी बाजारातून आनलाय का, घरच्यांना आवडला न्हाई तर बदलून घ्यायला? जन्मल्यापास्नं हाच हाय! आमच्या वडलांचाबी असाच हुता, आन् त्यांच्या वडलांचा फोटो हाय भिंतीवर, तोबी असाच, फोटोवाल्याच्या अंगावर खेकसून नुकतेच गप बसल्यासारखा. घरान्यात चालत आलेली वस्तू हाय ही, ती दोन दिवसांच्या ट्रेनिंगनं कशी जानार?

तुमाला सांगतो, मी साधा मानूस. काकासाहेब माझं नाव, सुप्याच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या कंपनीत सुपरवायझर. तुमच्या घरी वॉशिंग मशीन हाय न्हवं? त्याचं झाकन आमी करतो. म्हंजे झाकन करतं मशीन, मशीनकडनं करून घेत्यात पोरं, आन् पोरांकडनं करून घेतो मी. कशानं? तोंडानं! दुसरं हाय काय माझ्याकडं? सकाळी शॉपमदी, म्हंजे मशीनं चालत्यात तिथं, पाय टाकला की माझा पट्टा सुरू, "ए, हा क्रेट काय रुखवतात मांडलाय का वाटंत? उचल!" "ए, झोप झाली न्हाई का? उशी आनू का?" आन् कुनाला राग येतो म्हनता? छ्या! दुपारी त्याच पोरांच्या डब्यात माझा हात असतो, आन् माझ्या डब्यात त्यांचा.

पन आमच्या मोठ्या साहेबांनी बोलावलं केबिनमदी. म्हनले, "काकासाहेब, फैयाज सोडून चाललाय असं ऐकतोय." फैयाज म्हंजे आमचा मोल्ड सेटर. मशीनवर मोल्ड, म्हंजे झाकनाचा साचा, चढवायचा, बसवायचा, जुळवायचा, हे सगळं तोच करतो. तो सुट्टीवर गेला की मशीनसुद्धा रुसून बसतं. समोरच्या कंपनीनं त्याला बोलावलं हुतं. पन तुमाला खरं सांगू का? मशीनचं जाऊ द्या. कंपनीत आला तेव्हापास्नं हे पोरगं माझ्या शेजारी बसून भाकरी खातं. आमच्या द्वारकाची, म्हंजे आमच्या मंडळींची, शेंगदान्याची चटनी माझ्या आधी ते संपवतं. ते गेलं तर मी जेवताना वरडायचं कुनावर?

साहेब म्हनले, "माणसं कंपनी सोडत नाहीत काकासाहेब, माणसं सुपरवायझरला सोडतात." आन् माझ्या तोंडाकडं बघितलं. बघितलं म्हंजे नुसतं तोंडाकडंच! आन् धाडलं मला ट्रेनिंगला. शिर्डीला! म्हनलं बरं झालं, दर्शनबी होईल. कसलं दर्शन हो! एसीच्या हॉलमदी कोंडलं सकाळपास्नं संध्याकाळपर्यंत, आन् समोर एक तरुन सर, गळ्यात टाय, कानापास्नं ओठापर्यंत माईक, आन् चेहरा... काय सांगू, इतका हसरा की मला वाटलं ह्याला काहीतरी विकायचंय.

"मित्रांनो, बिहेवियर सायन्स! माणसाला नावं ठेवू नका, वागणुकीबद्दल बोला. चुकताना पकडू नका, चांगलं वागताना पकडा! ज्या वागणुकीचं कौतुक होतं, ती वागणूक वाढते. आणि कौतुक कसं करायचं? लगेच, नेमकं आणि मनापासून! म्हणा माझ्याबरोबर!"

म्हनलो. टाळ्या वाजवत म्हनलो. लगेच, नेमकं आन् मनापासून! माझ्या शेजारी श्रीरामपूरकडचे एक सुपरवायझर बसले हुते, ते जेवन झाल्यावर झोपलेले, त्यांनी झोपेतच टाळ्या वाजवल्या. पन मी झोपलो न्हाई. मी मन लावून ऐकलं, कारन माझ्या डोळ्यापुढं फैयाज हुता.

सोमवारी आलो. म्हनलं आता पकडायचा! चांगलं वागताना! फैयाज मोल्ड बसवायला निघाला, आधी गॉगल लावला, मग पाना घेतला. मी मागनं गेलो, घसा साफ केला, चेहऱ्याला जमंल तेवढं हसू आनलं आन् सुरू केलं, "फैयाज, आज तू पाना हातात घ्यायच्या आधी गॉगल लावलास. हे मला आवडलं. यामुळे आपल्या सगळ्यांची सुरक्षितता वाढते. तुझ्यासारखा हात माझ्या बघण्यात नाही. धन्यवाद."

पाना पडला खाली. त्याच्या पायावर न्हाई पडला, माझ्या पडला! पन वरडलो न्हाई. हसतोय! एका पायावर उभा राहून हसतोय!

फैयाज पांढराफटक. हळूच म्हनतो, "काका... घरी समदं बरं हाय ना?"

आता चूक कुनाची? तुमीच सांगा, आपल्या जिल्ह्यात मानसाचं कौतुक कधी होतं? एकदाच! दहाव्याला! घाटावर मंडप, माईक, एकेक पुढारी उठतो, "अत्यंत मनमिळाऊ, कष्टाळू, कधी कोणाला दुखावलं नाही..." आन् जो गेला त्याला जित्तेपनी ह्याच पुढाऱ्यानं कधी रामराम घातलेला नसतो! तिकडं पिंड ठेवलेला, कावळा झाडावर ताटकळलेला, भाषनं संपतील तवा बिचारा खाली येनार. म्हंजे आमच्या कानांना सवयच अशी लागलीय, कुनी नाव घेऊन गोड बोलायला लागलं की मानूस आधी स्वतःची नाडी बघतो. आन् कंपनीत गोड बोलले तर? तर निरोप समारंभ! शाल, श्रीफळ आन् गेट! तिसरं कारनच न्हाई!

फोर्कलिफ्टवर आमचे कचरूभाऊ, वयानं माझ्यापेक्षा मोठे. त्यांनी गाडी थांबवली. "काका, फैयाजला काय म्हनला?" म्हनलं, "कौतुक केलं." "आरारारा..." त्यांनी टोपीच काढली डोक्यावरची. "लई चांगला पोरगा हुता वो." हुता! अवो, तो समोर उभा हाय जित्ताजागता, आन् हे म्हनत्यात हुता!

मला वाटलं एकट्याचंच केलं म्हनून बिघडलं. म्हनलं सगळ्यांचं करू. लगेच, नेमकं आन् मनापासून! दुपारपर्यंत निम्मी लाईन पकडली चांगलं वागताना. "तू हेल्मेटचा पट्टा लावलास, धन्यवाद." "तू केर डब्यात टाकलास, धन्यवाद." "कचरूभाऊ, वळताना हॉर्न वाजवलात, धन्यवाद." कचरूभाऊंच्या डोळ्यांत पानीच आलं. म्हनले, "काका, माझी रिटायरमेंट अजून लांब हाय वो..."

चहाच्या वेळी एचआरच्या माधुरी मॅडम पळत खाली. "काका! शॉपमध्ये सगळे म्हणतायत कंपनी बंद होणार! तुम्ही काय बोललात?" म्हनलं, "मॅडम, मी फक्त धन्यवाद म्हनलं." "किती जणांना?" म्हनलं, "भेटंल त्याला!" मॅडमनी कपाळाला हात लावला.

घरी गेलो तर म्हनलं निदान घरी तरी जमंल, बायको हाय आपली. ताटावर बसलो, पहिला घास घेतला. लगेच! "द्वारका, आज तू वांग्याच्या भाजीत मीठ अगदी नेमकं घातलंस. हे मला आवडलं." तिनं पळी खाली ठेवली. मग जवळ बसून, हळू आवाजात, "खरं सांगा, डॉक्टरकडं गेल्ता का? काय निघालं?" अवो निघायचं काय! दुसऱ्या दिवशी सकाळी माझा मेव्हना पारनेरहून हजर, हातात शहाळी! "दाजी, टेन्शन घेऊ नका, पुन्यात चांगले डॉक्टर हायेत."

इकडं फैयाजचं काय झालं तर त्यानं गॉगल काढायचाच बंद केला. मोल्ड बसवताना गॉगल, चहा पिताना गॉगल, जेवताना गॉगल! चटनी घेताना डोळे दिसंनात पोराचे! ते सर म्हनले हुते न्हवं, वागनूक वाढती म्हनून? वाढली की! पन जेवताना एक शब्द बोलंना. पूर्वी माझ्या डब्यात हात घालायचा, आता विचारतो, "काका, घेऊ का?" तुमाला सांगतो, ते 'घेऊ का' माझ्या काळजात घुसलं. अरे कुठलं रे हे परक्यासारखं?

आन् त्याच आठवड्यात गेटवरनं फोन. "काका, फैयाजची आई आलीय. आत सोडू का?" मीच गेलो बाहेर. बद्रुन्निसाबी, एवढीशी बाई, डोक्यावर ओढनी, उन्हात उभी. मी नमस्कार करायच्या आत सुरू, "काका, तुमी माझ्या पोराची तारीफ केली म्हनं? चार मानसांत?" म्हनलं, "व्हय, केली." "माशाअल्ला म्हनला का?" आता हे कुठं ट्रेनिंगमदी सांगितलं हुतं? "बिना माशाअल्ला तारीफ केली! पोरगं जेवंना का झोपंना. मी लाल मिरच्या उतरवल्या त्याच्यावरनं, इस्तवात टाकल्या, साधा ठसका न्हाई उठला! एवढी मोठी नजर लागलीय!" आन् मग आवाज बसला तिचा. "तो घरी येऊन तुमच्या शिव्या सांगायचा आमाला. नक्कल करून. पोट धरून हसायचो आमी. त्याचा बाप न्हाई, काका. कुनीतरी हक्कानं वरडतंय, एवढंच त्याला बरं वाटायचं. आता काय चुकलं त्याचं, की तुमी वरडायचं सोडलं?"

गेटवरचा वॉचमन दुसरीकडं बघायला लागला. मला लई वाईट वाटलं हो. खरंच वाईट वाटलं. ज्याला धरून ठेवायला मी एवढं गोड गोड बोललो, त्याला मीच दारापर्यंत नेऊन सोडला हुता.

आन् शनिवारी आलाच तो. गॉगल लावून. "काका, मी समोरच्या कंपनीला व्हय म्हनून टाकतो. तुमी काढायच्या आधी मीच जातो. मानानं जाऊ द्या."

मग मात्र माझं टाळकं सटकलं! "कोन काढतंय रं तुला? गाढवा! तो गॉगल काढ आधी डोळ्यावरचा! डोकं हाय का क्रेट हाय रिकामा? समोर जातोय! समोर कोन हाय तुझं? परवा वरचा बोल्ट आधी आवळलास, खालचा मागनं, मोल्ड वाकडा बसला, मी बघितलं न्हाई वाटतं तुला? गप बसलो ट्रेनिंगपायी! आन् जेवताना 'घेऊ का' म्हनतोस? लाज न्हाई वाटत? तू गेलास तर ही चटनी काय मी त्या मशीनला चारू? आं? आईला उन्हात गेटवर यायला लावतोस! जा, बोल्ट सोडव तो!"

आन् मग कचरूभाऊंनी फोर्कलिफ्टचा हॉर्न वाजवला, पों पों, आन् वरडले, "काका बरे झाले!" अख्खी लाईन हसायला लागली. माधुरी मॅडम दारात उभ्या, म्हनल्या, "काका, लगेच होतं, नेमकं होतं, आणि मनापासून तर इतकं होतं की वर ऑफिसात ऐकू आलं."

फैयाजनं गॉगल काढला. डोळे लाल. बोल्टकडं निघाला, दोन पावलं गेला आन् परत आला. खाली बघून म्हनतो, "काका, ते त्या दिवशी तुमी म्हनला... तुझ्यासारखा हात बघन्यात न्हाई... ते खरं हुतं, का ट्रेनिंगचं?"

तुमाला सांगतो, वरडायला सोपं असतं हो. मी उगाच वाटंतला क्रेट सरकवला. शेवटी म्हनलं, "खरं हुतं."

तसा लगेच म्हनतो, "मग मला नका सांगू, काका. कसंतरी होतं. अम्मीला फोन करून सांगा."

केला. तिथंच उभा राहून केला. "बद्रुन्निसाबी, तुमचा पोरगा, माशाअल्ला, हिरा हाय." पलीकडनं नाक ओढल्याचा आवाज आला. फैयाज समोरच्या कंपनीत गेला न्हाई. अजून माझ्याच शेजारी बसतो, चटनी न विचारता घेतो.

झालं, मिटलं म्हनता? कसलं मिटतंय! कचरूभाऊ दुसऱ्या दिवशी, "काका, आमच्या घरीबी एक फोन टाका की. आमची भागिरथी म्हनती तुमी कंपनीत करता तरी काय." त्याच्या मागं दुसरा, दुसऱ्याच्या मागं तिसरा. आता माझी सिस्टीमच बसलीय, शॉपमदी शिव्या द्यायच्या आन् संध्याकाळी घरोघरी फोन करून कौतुक करायचं. कुनाच्या आईला, कुनाच्या बायकोला, एकाच्या तर होनाऱ्या सासऱ्याला! लग्न जमलं त्याचं! पन कोन सोडून जात न्हाई हो. एकबी न्हाई.

हे गेलं मोठ्या साहेबांच्या कानावर. साहेब खूश! म्हनले, काकासाहेबांचंबी कौतुक झालं पाहिजे, त्यांच्याच पद्धतीनं. आन् लावला त्यांनी फोन आमच्या घरी. द्वारकानं उचलला. साहेब म्हनले, "वहिनी, तुमच्या मिस्टरांसारखा माणसांना इतकं गोड बोलून सांभाळून घेणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही."

द्वारका म्हनली, "राँग नंबर," आन् ठेवून दिला.