नानांची साखर

ज्योत्स्ना : हलू नका नाना. बोट इकडं द्या.

केरू : किती डाव टोचशील? सकाळपास्नं दोनदा टोचलंस.

ज्योत्स्ना : सकाळी उपाशीपोटी ब्याण्णव. जेवल्यावर एकशे अठरा. आता एकशे चार. माझा भाऊ म्हणाला, मशीन नवं आहे, चुकत नाही.

केरू : तुझ्या कारल्याच्या रसाचा गुण असंल.

ज्योत्स्ना : मलाही तसंच वाटलं. मग तुमची फाइल शोधली. ट्रंकेत, लग्नातल्या फेट्याखाली.

केरू : सासऱ्याच्या ट्रंकेत हात घातलास?

ज्योत्स्ना : घातला. फाइलीत साखरेचं नावच नाही. प्रोस्टेट लिहिलंय. सोनोग्राफी करा, असं लिहिलंय. तीन महिने झाले. तुम्ही घरी येऊन सांगितलंत, डॉक्टर साखर म्हणाले.

केरू : संतोषला दाखवलीस?

ज्योत्स्ना : यांना दाखवायच्या आधी तुम्हाला विचारावं म्हटलं. साखर नाहीच ना तुम्हाला?

केरू : नाय.

ज्योत्स्ना : आणि रोज सकाळी वाटीभर कारलं प्यायलात.

केरू : तू एवढं काढून द्यायचीस.

ज्योत्स्ना : घरात पुरण शिजलं नाही तीन महिने. वेदिकानं वाढदिवसाला केक नको म्हणून सांगितलं, आजोबांना चालत नाही म्हणून. आठ वर्षांची पोर.

केरू : ते नको काढू. 'आजोबा, आपण दोघं शेव खाऊ' म्हणली ती. तो घास अजून गिळला नाय मी.

ज्योत्स्ना : मग बोलायचं ना.

केरू : काय बोलायचं? साखर चारचौघांत सांगता येती. पारावर बसतो त्यातल्या निम्म्यांना हाय. ह्ये खालचं दुखणं. तुझी सासू असती तर तिलाबी सांगितलं नसतं, तू तर सून.

ज्योत्स्ना : रात्री तांब्याभर मेथीचं पाणी उशाशी ठेवते, ते?

केरू : पितो आन् सहा डाव उठतो.

ज्योत्स्ना : अहो, मग ओतून टाकायचं.

केरू : त्येवढी लाज शिल्लक हाय. तू रांधून दमलेली, वर माझ्यासाठी मेथी भिजवती.

ज्योत्स्ना : डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, खरं?

केरू : सांजच्याला पाणी कमी प्या. चहा दोनच डाव. तिखट कमी, पालेभाजी, टोमॅटो खा. रोज अर्धा तास चाला. आन् एक व्यायाम.

ज्योत्स्ना : कोणता?

केरू : ऱ्हाऊ दे.

ज्योत्स्ना : ओट्यावर तोंड आवळून बसता, तो? मला वाटायचं, भाजी आवडली नाही म्हणून रुसलात.

केरू : तोंड नाय आवळत मी. हसू नको.

ज्योत्स्ना : नाही हसत. सोनोग्राफी का नाही केली?

केरू : ते तुला नाय सांगता येणार.

ज्योत्स्ना : बरं. मी तिकडं तोंड करून शेपू निवडते. तुम्ही भिंतीला सांगा.

(ज्योत्स्ना पाठ करून बसते, जुडी सोडते.)

केरू : नाशकात त्या सोनोग्राफीवाल्यांनी लिटरभर पाणी पाजलं. म्हणले, धरून ठेवा, नंबर आला की बोलावू. माझ्यापुढं अकरा बाया, निम्म्या पोटुशा. गडी मी एकटा. धरून धरून डोळ्यांपुढं अंधारी आली. मंग नाय ऱ्हायलं. खुर्चीवरच. पार फरशीवर आलं… ऐकतीस का?

ज्योत्स्ना : ऐकतेय.

केरू : तसाच उठलो. तिथली पोरगी 'बाबा, बाबा' करत मागं आली, म्या वळून बघितलं नाय. गंगेवर गेलो आन् कपड्यांसकट बुडी मारली. तिथं भिजलेल्या माणसाला कुणी काय विचारत नाय.

ज्योत्स्ना : आम्हाला म्हणालात, आंघोळ करून तीर्थ आणलं.

केरू : कायतरी म्हणावं लागलं.

ज्योत्स्ना : मी ते देवापुढं ठेवलं. गल्लीत चमचा चमचा वाटलं.

केरू : शेजारच्या भागीबाईनं डोळ्यांना लावलं, तवा मी गोठ्यात जाऊन बसलो.

ज्योत्स्ना : वेदिका झाली तेव्हा मला दोन महिने शिंक आली की साडी बदलावी लागायची.

केरू : ह्ये मला कशाला सांगती?

ज्योत्स्ना : तुम्ही भिंतीला सांगितलंत, मी शेपूला सांगतेय. नर्सबाईंनी हाच आवळायचा व्यायाम शिकवला. भाकरी थापता थापता करायचे. तुम्ही समोर जेवायला बसलेले असायचात. कळलं कधी?

केरू : नाय.

ज्योत्स्ना : मला गुण आला. पण मला काय झालंय ते डॉक्टरांनी बघितलेलं होतं. तुमचं अजून कुणी बघितलेलंच नाही. चाला, टोमॅटो खा, मी करून देईन. पण आत काय आहे ते त्यानं कळायचं नाही नाना.

केरू : वाईट काय निघालं तर?

ज्योत्स्ना : तर तीन महिने आधीच गेलेत.

केरू : त्या जागी पाय नाय ठेवणार मी. त्या पोरीनं माझी फरशी पुसली असंल.

ज्योत्स्ना : दुसरीकडं जाऊ. गुरुवारी. मी आधीच सांगेन, यांना फार वेळ धरवत नाही, लवकर घ्या.

केरू : तू सांगशील? तेवढ्या माणसांपुढं?

ज्योत्स्ना : खिडकीशी जाऊन हळू सांगेन.

केरू : आन् संतोषला?

ज्योत्स्ना : त्यांना तुम्ही सांगा. त्याआधी वेदिकाला. पाचला शाळेतून येईल.

केरू : तिला काय सांगू?

ज्योत्स्ना : साखर नव्हती, आजोबा खोटं बोलले, असं सांगा. पुरण मी शिजत घालते.

केरू : ज्योत्स्ना.

ज्योत्स्ना : काय?

केरू : गुरुवारच्या पिशवीत माझा दुसरा लेंगा घे. वरच ठेव, पटकन सापडंल असा.