किती ठेवायच्या

राजीव : आणि ही? ही तर मी पाहिलीच नव्हती. कधी घेतलीस?

प्रफुल्ल : याच महिन्यात.

राजीव : तिच्या शेजारची?

प्रफुल्ल : ती मागच्या.

राजीव : अरे यार, मी तुला पहिल्यांदा नेमबाजीच्या रेंजवर नेलं ते शनिवारची गंमत म्हणून. म्हटलं, आवडलं तर एखादी घेशील, फार तर दोन. तुझ्या बेसमेंटमध्ये तर अख्ख्या हर्नडनला पुरतील एवढ्या आहेत.

उपासना : हसू नका भाऊजी. हसायला नाही बोलावलं मी तुम्हाला.

राजीव : हसत नाही वहिनी. घाबरलो की मी असाच बोलतो. आमच्या शुभाला विचारा.

उपासना : फोनवर सांगितलं तेच परत सांगते, त्याच्यासमोर सांगते. तुमच्या घरी ते मोठं लोखंडी कपाट आहे, नंबरच्या कुलपाचं. हे सगळं त्यात नेऊन ठेवा. नाहीतर उद्या सकाळी मी हिमानीला घेऊन पार्सिपनीला चालले, प्रल्हाददादाकडे. परत कधी येईन ते माहीत नाही. बॅगा गाडीत टाकल्यात.

राजीव : एवढं ड्राइव्ह करून, एकट्या?

उपासना : एकटी. सात वर्षांची पोर ज्या घरात खेळते त्या घरात खाली हे असं भरून ठेवलेलं. तिच्या मैत्रिणींच्या आया आता पोरींना आमच्याकडे पाठवत नाहीत. आज लायब्ररीत सोडून आले तिला, हे सगळं तिच्यासमोर नको म्हणून.

राजीव : प्रफुल्ल, तू काय म्हणतोस?

प्रफुल्ल : जाऊ दे की तिला. थोडे दिवस भावाकडे राहील. पोरीलाही बरं वाटेल.

उपासना : बघा. हे असं. मी जाते म्हटलं तर हा बाबा भांडलासुद्धा नाही. गाडीचं ऑइल बदलून आणलं, टायरमध्ये हवा भरली, रस्त्याचा नकाशा काढून दिला. मला वाटलं होतं, निदान "जाऊ नको" तरी म्हणेल.

प्रफुल्ल : लांबचा रस्ता आहे. गाडी नीट नको का?

राजीव : बरं, भांडू नका. मला आधी हे समजू दे. दर महिन्याला एक, हे काय प्रकरण आहे?

प्रफुल्ल : व्हर्जिनियात पिस्तूल महिन्याला एकच घेता येतं. कायदाच आहे तसा.

राजीव : घेता येतं म्हणजे घ्यायलाच हवं असं आहे का?

प्रफुल्ल : आमच्या गावात रेशनची साखर कुणी सोडत होतं का? घरात लागो न लागो, उचलायची. नाही उचलली की गेली, पुढच्या महिन्यात जास्त मिळत नाही. तसंच झालं बघ. महिना संपत आला की मला चैन पडत नव्हतं. आपल्या वाट्याचं राहून जायला लागलंय असं वाटायचं.

उपासना : साखर निदान शेजारणीला देता येते.

राजीव : हे बघ, कलेक्शन मलाही कळतं. आमच्या आजोबांची शिकारीची बंदूक होती, अजून पुण्यात भावाकडे आहे, दसऱ्याला पूजा होते तिची. इथे माझ्याकडे तीन आहेत. माझा नियम साधा आहे. जेवढ्या आपल्या हाताने साफ करून ठेवता येतात, तेवढ्याच माणसाने बाळगाव्यात. त्याहून जास्त म्हणजे हौस नाही, रोग आहे.

प्रफुल्ल : मी रोज करतो.

राजीव : रोज?

प्रफुल्ल : कॉन्ट्रॅक्ट संपल्यापासून बेंचवरच आहे ना, काम नाही. उपासना लॅबला जाते, हिमानीची बस येते. मग दिवसभर दुसरं काय असतं?

राजीव : अरे, दोन हजार साल तोंडावर आलंय, सगळीकडे वायटूकेची माणसं शोधतायत. जो तो कोबोलवाल्या प्रोग्रामरांच्या पाया पडतोय आणि तू घरी बसलायस? माझ्याकडे रेझ्युमे दे म्हणून कितीदा म्हटलं तुला.

प्रफुल्ल : देतो.

उपासना : तीन महिने "देतो" चाललंय.

राजीव : पण मुळात भीती कसली आहे तुला? त्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये चोरी झाली, ती? एक टीव्ही गेला रे त्यांचा. तोही जुना.

प्रफुल्ल : चोरीचं काही नाही.

राजीव : मग?

प्रफुल्ल : सोड. तुला नाही समजायचं.

उपासना : सांग ना त्यांना. मला लग्नानंतर दोन वर्षांनी सांगितलंस. त्यांना आज सांग.

प्रफुल्ल : नामांतराच्या वेळचं आहे. अठ्ठ्याहत्तर साल. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. आमच्या गावातले लोक आले. बाहेरचे नाही, गावातलेच. माझ्या वर्गातल्या पोरांचे बाप होते त्यात. आमचे वडील, आबा, दारात उभे राहिले. हातात बैल हाकायची काठी. आई मला आणि बहिणीला घेऊन ज्वारीच्या रानात पळाली. तिथून आमचं घर जळताना दिसत होतं.

राजीव : आबा?

प्रफुल्ल : वाचले. एक हात मात्र कायमचा वाकडा झाला.

राजीव : हे तू मला कधी बोलला नाहीस.

प्रफुल्ल : तू विचारलंस कधी? इतक्या वर्षांत तू मला पुण्याच्या मिसळीबद्दल सांगितलंस, मी ऐकलं. माझं गाव कुठलं ते तरी माहीत आहे का तुला?

राजीव : नांदेडकडचं. एवढंच माहीत आहे. खरं आहे तुझं.

प्रफुल्ल : पहिली घेतली ना, त्या दिवशी दुकानातून गाडीत येऊन बसलो आणि रडलो. वाटलं, ही त्या रात्री आबांच्या हातात असती तर. मग वाटलं, एकीनं काय होणार होतं, ते तर एवढे होते. म्हणून दुसरी. मग तिसरी. किती असत्या म्हणजे पुरल्या असत्या, याचा काही अंदाजच येईना.

उपासना : आबा इथे आले होते ना दोन वर्षांपूर्वी, तेव्हा याने मोठ्या अभिमानाने त्यांना खाली आणलं. दाखवलं सगळं.

राजीव : काय म्हणाले?

उपासना : सांग की. ते तूच सांग.

प्रफुल्ल : म्हणाले, "बरं झालं त्या रात्री नव्हती. असती तर मी एखादा मारला असता. मग ते नुसतं घर जाळून गेले नसते, तुम्हाला रानातून शोधून काढलं असतं." आणि म्हणाले, "दसऱ्याला अशोकानं शस्त्र टाकलं म्हणून तुला लहानपणी सांगितलं, ते तू अमेरिकेत येऊन असं ध्यानात ठेवलंस होय?" मग वर गेले. परत कधी खाली आले नाहीत.

राजीव : शहाणा माणूस.

प्रफुल्ल : होता. जानेवारीत गेले. इथं बर्फ पडलेला, विमानं बंद. मी पुण्यानुमोदनाला पोचलो, माती मिळाली नाही. ज्याच्यासाठी हे सगळं गोळा केलं तो माणूस एका सकाळी चहा पिता पिता गेला. कुणी मारायला आलंच नाही. आता हे कुणासाठी राखायचं, सांग.

राजीव : मग सोपंच झालं की यार. नेतो मी. गाडी मोठी आणलीय. पण वहिनी, एक सांगू? एकदम सगळं काढून घेतलं तर माणूस बिथरतो. अमेरिकेत घरात एखादी असणं काही जगावेगळं नाही. चार राहू दे.

उपासना : चार?

राजीव : बरं, दोन. एक वरच्या मजल्यावर कुलपात, एक इथे.

उपासना : एकही नको असं ठरवून मी तुम्हाला फोन केला होता.

राजीव : मान्य. पण संसार आहे, थोडं तुम्ही सरका, थोडं तो सरकेल. दोन नको, एक. चोराचिलटासाठी. एक तर कुणीही ठेवतं. काय प्रफुल्ल, एकीवर राजी आहेस का? अरे, बोल ना.

(प्रफुल्लने मान खाली घातली. उपासना जिन्याच्या खालच्या पायरीवर टेकली. महिनाभर ती या माणसाशी भांडत होती आणि भिंतीशी भांडल्यासारखं झालं होतं. आता तिला त्या भांडणाचाच वीट आला. खांदे पाडून कपाटापाशी उभा असलेला नवरा तिला फार एकटा दिसला, आणि त्याला असा टाकून जायचं तिच्या जिवावर आलं.)

उपासना : बरं. ठेव एक.

राजीव : वहिनी, शाब्बास.

उपासना : एक ठेव, चावी माझ्याकडे दे, नको देऊस, तुझं तू बघ. मी नाही जात पार्सिपनीला. दादाला फोन करून कॅन्सल करते. हिमानी पण विचारत होती, बाबा का येत नाहीत म्हणून. तिला तरी काय सांगणार होते मी? झालं? आता तरी मान वर कर.

राजीव : मिटलं. बोल, कुठली ठेवतोस? बाकीच्या गुंडाळायला घेऊ.

प्रफुल्ल : नको.

राजीव : नको म्हणजे? दोनच हव्यात का शेवटी?

उपासना : अजून किती खाली येऊ रे मी?

प्रफुल्ल : तसं नाही. तू जाणार नसशील तर एकही ठेवू नका.

राजीव : हे बघ, असं तिरकं बोलू नकोस. त्या मनापासून म्हणतायत.

प्रफुल्ल : तिरकं नाही रे. तुम्ही मघापासून चार, दोन, एक करायलात आणि मला कळेना, कसं सांगावं. बाकीच्यांचं काही नाही. बाकीच्या नुसत्या पडून असतात. एकच फार होते.

राजीव : म्हणजे काय?

प्रफुल्ल : मी साफ करत नाही सकाळी. खोटं बोललो. पहिली घेतलेली आहे ना, ती घेऊन बसतो. हिमानीची बस गेली की बसतो. मग कधी कुणाचा फोन येतो, कधी पोस्टमन येतो. उठतो. दुसऱ्या दिवशी परत.

उपासना : प्रफुल्ल.

प्रफुल्ल : सांगतोय ना. आता सांगतोय.

उपासना : म्हणून टायरमध्ये हवा भरलीस.

प्रफुल्ल : हिमानी घरात नको होती. शाळेतून आधी तीच येते. तिला ते दिसायला नको होतं.

उपासना : आणि मी पार्सिपनीला पोचले असते, तिथे मला फोन कोण करणार होतं? भाऊजी? की पोलीस?

प्रफुल्ल : तेवढा विचार केला नव्हता.

उपासना : केला होतास. नकाशा काढून देणारा माणूस आहेस तू. सगळा विचार केला होतास.

प्रफुल्ल : होय.

उपासना : कधीपासून?

प्रफुल्ल : आबा गेल्यापासून.

उपासना : आणि मी त्याच खोलीच्या वर रोज पोळ्या लाटत होते. मला का नाही सांगितलंस?

प्रफुल्ल : काय सांगू? घर आहे, दोन गाड्या आहेत, पोरगी इंग्लिशमध्ये भांडते माझ्याशी. गावाकडं माझं नाव सांगून पोरांना अभ्यासाला बसवतात. अशा माणसानं कुठल्या तोंडानं सांगावं की मला जगायचा कंटाळा आलाय?

उपासना : याच तोंडाने. आत्ता सांगितलंस त्याच.

राजीव : वहिनी, जुनी ब्लँकेटं द्या. नाही, तुम्ही बसा त्याच्यापाशी, कुठे आहेत ते सांगा. मी घेतो.

उपासना : वॉशरच्या वरच्या फळीवर. गोळ्यांचे डबे मागच्या कोपऱ्यात आहेत, तेही न्या.

राजीव : नेतो.

उपासना : आमच्या लॅबमधल्या डॉक्टरबाई आहेत, त्यांना फोन करते. सोमवारी नाही, आत्ता. त्या सांगतील त्या माणसाकडे जायचं आपण. आजच्या आज. तू नाही म्हणायचं नाहीस.

प्रफुल्ल : नाही म्हणत.

उपासना : आणि सकाळी मी लॅबला जाणार नाही. काही दिवस जाणारच नाही. नोकरी गेली तर गेली.

प्रफुल्ल : तुझीही गेली तर खायचं काय?

उपासना : बघू. माझ्याकडे बघ आधी. असं जमिनीकडे नको.

राजीव : झालं. सगळं गाडीत गेलं, आता घरी नेऊन आमच्या लोखंडी कपाटात. इथलं कपाट परत उघडून बघितलं मी, एकही मागे नाही. प्रफुल्ल, ऐक. मी मूर्ख माणूस आहे, तुला रेंजवर पहिल्यांदा मीच नेलं. ते आता बोलत बसत नाही. पण यापुढे तू घरात एकटा बसायचं नाहीस. उद्या सगळे आमच्याकडे या. शुभा मटण करेल. हिमानीला आमचा अनीश आहे खेळायला. राहायलाच या ना आठवडाभर, वरची खोली रिकामीच आहे.

उपासना : येऊ भाऊजी. मलाही बरं वाटेल.

प्रफुल्ल : राजीव.

राजीव : काय रे?

प्रफुल्ल : थोडे दिवस मला तुझ्या घरी बोलावू नकोस.