जोडीचा फोटो

तामसीहून आदिलाबादला निघालेल्या बसमध्ये भागीरथाबाईंच्या तोंडाला खळ नव्हती. शेजारी गयाबाई होती, ऐकायला अख्खी बस.

"माह्या अमरदीपचा अमेरिकेचा व्हिसा अडकला वं, गयाबाई."

"काऊन जी? सून तर तिकडचीच नागरिक हाये ना?"

"हाये ना. दोघं तीन वर्सं झाले दुबईत संसार करून राह्यले. तरी सायेब म्हन्ते, लगन खरं कशावरून? सासरच्या घरचे जोडीचे फोटो दाखवा."

"मंग लग्नातले धाडा."

"धाडले ना! सगळ्यायत मधात मीच. मी असताना नवी सून लेकाले चिकटून उभी राह्यते का?"

"मंग आता?"

"पुढच्या म्हैन्यात दोघं घरी येऊन जोडीनं फोटो काढतो म्हन्ते."

"चांगलं झालं."

"म्हनून तर नवं लुगडं घ्याले चालली मी. मधात उभं राहाचं, त बरं दिसाले पायजे."