लोळेल त्याची भुई

मंडळी, जरा पुढे सरका आणि मला एक सांगा: आपण बसलोय ती जागा आपली, हे ठरतं कशावरून? आधी आलो म्हणून? आपले वडील तिथे बसायचे म्हणून? हं! ऐका तर मग!

घोड्यांचं एक जग होतं. आपल्या टांग्याचे घोडे नव्हेत हो! हिरव्या माळावर एकशिंगी घोडे. तळ्याकाठी डोही घोडे — पुढून घोडा, मागून मासा! तापल्या खडकांवर निखारे घोडे — अयाळीत जाळ! एकाला शिंक आली की शेजाऱ्याची शेपटी गेली! आणि वर ढगात पंखाळे घोडे. कायदा सगळ्यांना एकच — जो जिथे लोळेल, त्याची ती भुई! पंखाळ्यांना लोळताच येईना, पंख मोडतात ना! म्हणून त्यांच्या नावावर जमीन नाही, टीचभरसुद्धा नाही.

खालचे तिन्ही मुलूख जिथे मिळतात, त्या तिठ्यावर पहारेकरी होता तुंगोजी. म्हातारा एकशिंगी! रोज सकाळी हद्दीवरून लोळत जायचा — हक्क ताजा ठेवायला! चाळीस वर्षं! पाठीची सालं निघाली, पण हद्द तसूभर हलली नाही. आणि तोरा केवढा!

एके सकाळी वरून — धप्प! काय पडलं? पंखाळी घोडी, अभ्रा नावाची. पोट हे एवढं!

"काका, कळा सुरू झाल्यात. हातभर जागा द्या."

"तुमचा मुलूख वर आहे, बाई!"

"ढगावर पोर ठेवलं तर खाली पडतं, काका!"

बायका हसल्या बघा! त्यांना कळलं. तुंगोजीला कळेना. म्हणाला, "इथे जमायचं नाही. पलीकडे विचार." डोही पहारेकरी म्हणाला, "आमच्याकडे तशी पद्धत नाही." निखारे पहारेकरी म्हणाला, "साहेब जेवायला गेलेत!" अहो, तिथेही साहेब, आणि तिथेही जेवायला!

कळा थांबतात का कुणासाठी? तिठ्यावरच शिंगरू जन्मलं. चिकट, ओलंचिंब, पंख अंगाला घट्ट! उन्हं चढायच्या आत सुटले नाहीत, तर जन्मभर तसेच राहणार. अभ्राला तर उठवेना. "काका, तेवढं पुसा हो त्याला!" तुंगोजीचा जीव तुटत होता. पण शिंगरू पडलं होतं हद्दीच्या पलीकडे, वीतभर. वीतभर, मंडळी! आणि हा उभा!

तेवढ्यात शिंगरू उठायला गेलं — पालथं! पुन्हा उठलं — उताणं! आणि लागलं की लोळायला! पंख अजून मऊ, मोडतील कसे? आधी तळ्यात — छपाक! धुऊन निघालं. तिथून तापल्या खडकावर — फर्रकन पंख सुटले! चटका बसला, तशी उडी माळाच्या गवतात, आणि तिथेही चार गिरक्या! तिघे पहारेकरी बोंबलतायत, "गेली! भुई गेली!" लोळेल त्याची भुई ना? झाले तिन्ही मुलूख एका शिंगराच्या नावावर!

तुंगोजीचं तोंड उतरलं. जन्माची राखण पाण्यात गेली. पण कायदा तो कायदा! मान खाली घालून म्हणाला, "मालक, इथे उभा राहू का?"

मालकांनी काय केलं? शिरले त्याच्या पोटाखाली — दूध शोधायला! म्हाताऱ्या घोड्याच्या पोटाखाली! नुसत्या गुदगुल्या! "अरे, मी नव्हे रे! आई तिकडे!" हसता हसता म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शिंगानं त्यानं हद्दीचा दगड उलथून टाकला, आणि हळूच ढुशी देत पोराला आईपाशी नेलं.

दुसऱ्या दिवशी तुंगोजी पुन्हा लोळला. कशासाठी? पाठ खाजली म्हणून! चाळीस वर्षांत पहिल्यांदा!

हसताय? हसा, हसा. आता मागे वळून बघा. या सतरंजीवर सहा रुमाल पसरलेत — माणसं यायचीत म्हणे! आणि त्या खांबाशी एक लेकुरवाळी बाई कथा सुरू झाल्यापासून उभी आहे. मी पाहतोय. तुम्हीही पाहताय. उचला तो रुमाल! ती बसेपर्यंत मी काही पुढे बोलणार नाही.