घरात म्हैस असताना नारळ

...तर नारळ. आन एक-दोन न्हवं, अकरा. तुमाला सांगतो, मानसिंगतात्यांच्या गोठ्यात सहा म्हशी, दोन्ही टायमाला डेअरीला किटल्या जात्यात, आन त्यांच्याच बायकोनं, कुशाबाईनं, त्यांना इंदापूरच्या बाजारात पिशवी देऊन धाडलं, कशाला, तर हलव्यात दुधाच्या जागी घालायला नारळ आणायला. तात्या वाटंनं भेटंल त्याला थांबवून इचारत होते, घरात म्हैस असताना नारळ? तुमीच सांगा, ह्याला काय म्हणायचं?

हलवा होता शेजारच्या मिलकावैनींचा. मिलकावैनी म्हंजे गुरांच्या दवाखान्यातल्या झिराडकर डॉक्टरांच्या मंडळी. बेने इस्राएल लोकं, ज्यू धर्माची, मूळची अलिबागकडची. बत्तीस वर्सांपूर्वी बदली होऊन आली ती हितलीच झाली. तात्यांच्या अडलेल्या म्हशी डॉक्टरांनी हातानं सोडवल्या, रेडकं वाचवली, घरोबा सगळा झाला, पर त्यांचं खाणं काय तात्यांना कधी उमगलं न्हाय. एकदा भिगवणवरनं ताजी वाम आणून दिली, तर डॉक्टर म्हणले, "मानसिंगराव, हिला खवले नाहीत. खवले नसलेला मासा आम्हाला चालत नाही." आता तात्यांनी जन्मात खवलं बघितलं होतं ते काढून टाकायसाठी. नसलं तर बरंच की, तेवढाच ताप कमी...

आसो. तर गेल्या वर्सी फाल्गुनात डॉक्टर गेले. आन भादवा सरता सरता वैनींचा नव्या वर्साचा सण आला. त्याला चिकाचा हलवा लागतो. गहू तीन दिस भिजवायचे, वाटायचे, फडक्यातनं पिळायचे, खाली बसंल तो चीक. आपल्या कुरडयांचा असतो तसाच. मग त्यात नारळाचं दूध आन साखर घालून मंद जाळावर चार तास ढवळायचं. थांबायचं न्हाय. ते काम डॉक्टरांचं. वैनी कुशाबाईला म्हणल्या, "या वर्षी नाही करत गं. ढवळायला हात कुठून आणू?"

कुशाबाई म्हणली, "हे ढवळत्याल की."

हे म्हंजे तात्या. तात्यांना कुणी इचारलंच न्हाय.

तर त्या दिशी तात्या वैनींच्या मागल्या अंगणात शेगडीपुढं पाटावर बसले, हातात लाकडाचं उलथणं. समोर वैनी नारळाचं दूध पिळत होत्या. तात्यांनी तोंड उघडलंच, "वैनी, घरात म्हैस असताना नारळ?"

वैनी हसल्या. "मानसिंगराव, आमच्यात मटणाच्या जेवणात दूध, दही, तूप काही चालत नाही. हलवा मटणाच्या पंगतीला लागतो, मग दूध घालायचं कसं? आमच्या पूर्वजांचं गलबत कोकणात फुटलं, दोन हजार वर्षं झाली म्हणतात. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पोथ्या बुडाल्या, सगळं बुडालं. पण काय खायचं आणि काय नाही, ते लक्षात राहिलं. किनाऱ्यावर नारळ होता, त्याचं दूध काढलं."

तात्या हूं म्हणले. पर मनात आलं, गलबत कोकणात फुटलं म्हणून ठीक, इंदापुरात फुटलं असतं तर म्हैसच घावली असती का न्हाय?

एक तास झाला, दोन झाले. हाताला कळ लागली. आतनं मटणाचा वास येत होता. वैनींच्या भाच्यानं, योसेफनं, पुण्याहून त्यांच्या पद्धतीनं कापलेलं मटण आणलं होतं. तात्या दुपारी जेवलेच न्हवते, आन का, तर दुसऱ्या दिशी त्यांच्या घरी घट बसायचे, मग नऊ दिस मटणाचं नाव न्हाय. सगळी मदार त्या पातेल्यावर. तिसऱ्या तासाला वैनी आत गेल्या, कुशाबाई धारंला गेली, आन तात्यांनी चमचाभर हलवा चाखला. चांगला होता. पर तात्यांना वाटलं, आजून चांगला हुईल. वाईट मन न्हवतं हो त्यांचं. डॉक्टर न्हाईत, वैनींचा पयला सण, जरा दाट गोडी येऊ दे... बांध ओलांडावा तसा मधला गडगा ओलांडला, घरातनं तांब्याभर म्हशीचं दूध आणलं आन दिलं कढईत सोडून.

झालं. हलवा बसंना. चार तासांचे पाच झाले, तरी कढईची कड सुटंना. शेवटी तसाच थाळ्यात ओतला, तर खिरीगत हलायला लागला.

दिवेलागणीला सगळी टेबलाशी बसली. मटणाचं पातेलं आलं, सफरचंद आन मध आला, हलव्याचा थाळा आला. वैनींनी सुरी घातली. वडी काय पडली न्हाय. सुरी खाली ठेवली आन हळूच म्हणल्या, "माझाच हात गेला. ते होते तोवर कधी बिघडला नाही. आता नाही करायची मी पुन्हा."

तात्यांनी एकदा त्या थाळ्याकडं बघितलं. समोर मटण, वाफ येतीय. गप बसलं तर जेवण हुईल, आन वैनी जन्मभर सोताला दोष देत्याल. बोललं तर... तात्या बोलले. "वैनी, तुमचा हात न्हाय गेला. तांब्याभर म्हशीचं दूध हाय त्यात. मी घातलंय."

कुशाबाईनं जे बघितलं तात्यांकडं, ते काय मी सांगत न्हाय. योसेफ खाली बघत बसला. वैनींनी थाळा जरा हलवून बघितला. मग इचारलं, "तांब्या भरून होता का?"

"जरा वरपर्यंतच."

आन वैनींना हसू फुटलं. डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसल्या. फाल्गुनापासनं पयल्यांदा. मग उठल्या, मटणाचं पातेलं उचललं आन आत नेऊन ठेवलं. "आज सण हलव्याचा. मटण उद्या. तुम्ही पण या, मानसिंगराव."

उद्या घट. तात्यांनी वाटीत हलवा घेतला आन चमच्यानं खाल्ला.

आवंदा वैनींनी परत हलवा केला. ढवळायला तात्याच, पर शेजारी राखणीला कुशाबाई. वडी चाकूनं कापावी लागली, आशी बसली. पाव्हणे आले, वैनींनी गोष्ट सांगायला घेतली, गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, नारळाचं दूध काढलं, "आणि मग इंदापुरात मानसिंगरावांनी त्यात तांब्या ओतला." सगळी माना वळवून बघायला लागली. आता ही गोष्ट दर वर्सी हुनार. तात्या म्हणतात, दोन हजार वर्सांत ह्यांच्यातलं कुणी चुकलं न्हाय, चुकायला इंदापूरचाच माणूस घावला.